दुपट्ट्याखालचा दर्जा

आमच्या दिपोटी साहेबांनी उभ्या जन्मात छत्री उघडली नसावी. निदान मी तरी त्यांच्या हातात ती उघडी पाहिली नाही. चैत्र-वैशाखात अकोल्याकडची माती तव्यासारखी तापायची, कुत्रीसुद्धा गाडीखालून हलायची नाहीत, आणि हा गृहस्थ काखेत छत्री धरून, डोक्यावर ऊन घेत, रस्त्यानं एकटा चालत यायचा. एकदा न राहवून विचारलं, तर म्हणाले, "उघडली की जुनी होते." यावर बोलायचं काय? मी गावचा पंतोजी आणि ते शाळा तपासणारे सरकारी अंमलदार. मी म्हटलं, "खरं आहे."

दिपोटी म्हणजे शाळाखात्याचे डेप्युटी. आमच्या लोकांच्या जिभेवर तो शब्द बसेना, म्हणून दिपोटी. माणूस पुण्याकडचा, बारकासा, सदा काहीतरी चावत असल्यासारखा जबडा हलवणारा. बोलणं मऊ, पण नजर अशी की आपल्या धोतराला कुठे ठिगळ आहे ते आपल्यालाच आठवावं. जेवण स्वतःचं स्वतःबरोबर, सातूचं पीठ आणि गूळ. तपासणी झाल्याशिवाय मास्तराच्या घरचं पाणीही घेत नसत. "पाणी घेतलं की ताक येतं, ताक आलं की जेवण येतं, आणि जेवण झालं की शाळा चांगली दिसायला लागते," हे त्यांचं म्हणणं.

ती वऱ्हाडातल्या कापसाच्या तेजीची वर्षं. साता समुद्रापलीकडच्या कुठल्या मुलुखात भाऊभाऊ लढत होते म्हणे, तिकडचा कापूस बंद पडला आणि आमच्या काळ्या वावरातल्या कापसाला सोन्याची किंमत आली. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या. काल-परवापर्यंत घोंगडी पांघरणारे लोक अमरावतीहून मखमली बंड्या शिवून आणायला लागले. आमच्याकडे तेव्हा म्हणत, की या तेजीत वऱ्हाडात दोनच माणसं गरीब राहिली, एक देवळातला गुरव आणि दुसरा शाळेतला पंतोजी. त्यातही गुरवाला निदान नारळ मिळायचा.

माझ्याबरोबरचे सगळे पंतोजी शाळा सोडून व्यापाऱ्यांच्या पेढीवर बसले. मलाही बोलावणं होतं. पण मला कापसाची धूळ सोसत नाही. सरकीच्या ढिगाजवळ उभा राहिलो तरी शिंका सुरू होतात, त्या संध्याकाळपर्यंत थांबत नाहीत. म्हणून मी शाळेत राहिलो. विद्येवरच्या प्रेमानं राहिलो असं कोणी म्हटलं तर मी नाही म्हणत नाही, एवढंच. शाळा उठली असती तर मला एकच दार उरलं होतं, अकोल्याच्या जुन्या शहरात मोर्णेकाठी राहणाऱ्या मेहुण्याचं. ज्याला मेहुणा आहे त्याला यापुढे सांगायला नको.

आणि शाळा उठायची पाळी खरोखरच आली होती. खात्यानं नवा नियम काढला. दिपोटींनी प्रत्येक शाळा पाहायची आणि तिला दर्जा द्यायचा, पहिला, दुसरा किंवा तिसरा. होळीच्या आत सगळा अहवाल अकोल्याला वरच्या साहेबाकडे. तिसरा आला की शाळा बंद.

त्यांची तपासायची तऱ्हा आधीच कानावर आली होती. ते गावात येत ते आल्याचं कोणाला कळू न देता. पहाटे येऊन मारुतीच्या पाराआड उभे राहायचे आणि पोरं शाळेत कशी येतात ते पाहायचे. "धावत येणारी मुलं दोन प्रकारची," असं त्यांनी मला पुढे समजावलं. "एक मास्तराला भिणारी आणि दुसरी शाळेची गोडी लागलेली. येताना दोन्ही सारखीच धावतात. फरक सुटताना कळतो. भिणारी सुटतानाही धावतात." मी त्यानंतर कितीतरी वर्षं पोरांच्या पायांकडेच पाहत राहिलो.

शाळेत शिरले की खुर्ची नको म्हणायचे. सगळ्यात मागे, पोरांच्या रांगेत, घोंगडीवर मांडी घालून बसायचे आणि शेजारच्या पोराला हळूच विचारायचे, "काल काय चुकलं तुझं? दाखव." बस, एवढाच प्रश्न. कविता नको, श्लोक नको, स्वागताचं पद तर नकोच. तालुक्याच्या मोठ्या शाळेत पोरांनी घडाघडा सगळं म्हणून दाखवलं, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. यांनी विचारलं, काल काय चुकलं? पोरं मास्तरांकडे पाहायला लागली. मास्तर अभिमानानं म्हणाले, "साहेब, आमच्या इथं कोणाचं काही चुकत नाही." दिपोटी उठले, छत्री काखेत मारली आणि म्हणाले, "मग इथं शाळेची गरज काय?" तिसरा दर्जा. गावोगावच्या पंतोज्यांची झोप उडाली. मला तर भीतीच वाटत होती, आणि त्यांचा रागही येत होता. चूक नाही म्हणून नापास करणारा माणूस चूक दिसली तर काय करेल?

ते आमच्या गावात आले तो कापूस वेचणीचा भर होता. शाळेत मी होतो, एक लंगडा पोरगा होता आणि गावच्या पाटलांचा नातू होता, कारण पाटलांच्या नातवानं वेचणीला जाणं त्यांना शोभत नव्हतं. दिपोटींनी आत डोकावून विचारलं, "शाळा कुठे आहे?"

मी काही बोलायच्या आत पाटील मागून आले. उंच, काळेभोर, खांद्यावर जरीकाठी दुपट्टा. त्या भागात त्यांच्यासारखी कापसाची पारख कोणाला नव्हती. गाडीच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून मधला कापूस ओढायचे, चिमटीत धरून ताणायचे आणि भाव सांगायचे.

"शाळा वावरात हाय जी," पाटील म्हणाले. "कापूस फुटून राहिला. बोंडं कोणासाठी थांबतात?"

"मग वावरात जाऊ," दिपोटी म्हणाले.

आम्ही वावरात गेलो. पोरं आपापल्या आयांबरोबर ओळीनं वेचत होती, कमरेला ओट्या बांधून. मी पाढे म्हणायला लावले. पोरांना तेवढं चांगलं येत होतं, आणि वेचणीच्या हाताला पाढ्याचा ठेका बरा बसतो. एक पोरगं दिडकी, म्हणजे दीडाचा पाढा, म्हणत होतं. सात दिडं अकरा, म्हणाला. मी ओरडणार, तेवढ्यात शेजारच्या ओळीतल्या माळ्याच्या बाईनं मान वर न करताच म्हटलं, "साडेधा रे बापा. अकरा कुठून आणले?"

दिपोटी थबकले. "बाई, तुम्ही शाळेत गेला होता?"

"मी काहून जाईन जी? हे पोट्टं घरी घोकते. कानावर पडते."

दिपोटींचा जबडा हलायचा थांबला. मला वाटलं, खूष झाले. पण त्यांनी वाकून छत्रीच्या टोकानं काळ्या मातीत एक शब्द लिहिला आणि पोरांना वाचायला सांगितला. शब्द होता 'कापूस'. पोरं गोळा झाली, पाहत राहिली. 'क' सगळ्यांना आला. पुढे एकालाही जाता येईना. कापसात उभी असलेली पोरं, ओटीत कापूस, केसांत कापूस, आणि पायाजवळ लिहिलेला तो शब्द कोणाला लागेना. मी शिकलो होतो तसंच शिकवत होतो, मुळाक्षरं ओळीनं आणि पाढे घोकून. ओळ मोडली की पोरं अडकायची. दिपोटींनी पायानं ती माती सारखी केली आणि परत फिरले.

तिसरा. मला न सांगताच कळलं. मेहुण्याचं दार डोळ्यांपुढे आलं.

पाटलांनाही कळलं होतं. गावची शाळा उठली तर शेजारच्या गावात त्यांची मान खाली जाणार होती, आणि पाटलांनी मान खाली घातलेली कोणी पाहिली नव्हती. दर्जा म्हणजे त्यांच्या लेखी कापसाचा दर्जा. दर्जा ठरवणारा माणूस आला की त्याच्याशी सौदा करायचा, याखेरीज दुसरी रीत असते हे त्यांना ठाऊकच नव्हतं. आमच्याकडे बाजारात सौदा तोंडानं होत नाही. दोघांच्या हातांवर दुपट्टा टाकायचा आणि त्याखाली बोटं दाबून सांगायचं. समोरच्यानं उलट अंगठा दाबला की पक्कं. मग आभाळ कोसळलं तरी तो शब्द मोडायचा नाही.

पाराजवळ आल्यावर पाटलांनी दिपोटींचा हात धरला, त्यावर दुपट्टा टाकला आणि हसत त्यांच्या डोळ्यांत पाहत उभे राहिले. दिपोटी आक्रसले. परक्यानं हात धरलेला त्यांना आवडत नसे. पण समोर गावचा पाटील, भोवती लोक. माणूस मुळात सभ्य. त्यांनी भिडेखातर पाटलांचा हात थोडासा दाबला.

पाटलांनी दुपट्टा ओढला आणि लोकांना सांगितलं, "पक्कं. पहिला."

गूळ वाटला गेला. दिपोटींनीही खडा तोंडात टाकला, कारण तपासणी झाली होती. त्यांची बैलांची दमणी गावाबाहेर सोडलेली होती, तिथपर्यंत पोचवायला मी बरोबर गेलो. वाटेत म्हणाले, "तुमच्या पाटलांना एवढा कसला आनंद झाला?"

"तुम्ही पहिला दर्जा दिलात ना."

"मी? कधी?"

मग मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. पाटलांनी एक बोट दाबलं म्हणजे पहिला दर्जा मागितला, आणि यांनी उलट हात दाबला तो अंगठ्यानं, म्हणजे पक्कं. ते रस्त्यातच उभे राहिले. "मला वाटलं, इकडची नमस्काराची रीत असेल," म्हणाले. बराच वेळ जबडा हलत राहिला. मग विचारलं, "सौदा मोडता येतो?"

"येतो. पण मोडणाऱ्याशी पुन्हा कोणी हात मिळवत नाही."

"आणि माल न पाहता हात दिला असेल तर?"

"तर घेणाऱ्यानं सोसायचं. कचरा निघाला तर त्यानंच निवडायचा."

"आणि पाहून दिला असेल तर?"

"मग तर निवडायलाच हवा."

मला वाटलं, हसतील. दुसरा कोणी अंमलदार असता तर 'खेडवळ लोक' म्हणून विसरून गेला असता. हे म्हणाले, "अहवालात मी खोटं लिहिणार नाही. दिलेला शब्दही मोडणार नाही. होळीला अजून अवकाश आहे, पंतोजी. निवडू या." आणि दमणीत बसले.

मी ते मनावर घेतलं नाही. पण पुढच्या सुट्टीच्या दिवशी पाहतो तर पारावर छत्री घेऊन बसलेले. त्यानंतर अकोल्याहून फिरतीवर निघाले की वाकडी वाट करून आमच्या गावात यायचे, मारुतीच्या देवळात मुक्काम, सातूचं पीठ आणि गूळ. घरच्या माणसांना काय सांगत असतील, देव जाणे. पुण्याला बायको होती, मुलं होती. एकदा मी विचारलं, तर म्हणाले, "मी त्यांना लिहिलं आहे, की मी कापूस निवडतो आहे."

त्यांच्या शिकवण्यानं माझी मात्र पुरती वाट लागली. ओळीनं म्हणणं बंद. वेचणीच्या दिवसांत शाळा दुपारच्या सावलीत, वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर. रोज सुटायच्या आधी प्रत्येक पोरानं आपली एक चूक सांगायची, मग मलाही पोरांनी विचारायचं, "पंतोजी, तुमचं काय चुकलं जी?" पहिल्या दिवशी माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण दिपोटी मागे घोंगडीवर बसलेले. मी म्हटलं, काल एकाला उगाच मारलं. 

मग त्यांनी गाड्यांचं खूळ काढलं. अकोल्याच्या बाजाराला निघणाऱ्या प्रत्येक गाडीच्या मागच्या फळीवर त्या घरच्या पोरानं गेरूनं आपल्या बापाचं आणि गावाचं नाव लिहायचं. पोरांना वेड लागलं. घरोघर गेरूचे हात. पाटलांच्या गाडीवर नातवानं मोठ्या अक्षरांत लिहिलं, आणि गावाच्या नावातलं एक अक्षर गाळलं. गाडी तशीच अकोल्याला गेली. बाजारात कोणी वाचता येणारा निघालाच. दलालांनी पाटलांना दिवसभर त्या अर्ध्या गावचे पाटील म्हणून हाक मारली.

पाटील परत आले ते सरळ शाळेत. मी कोपऱ्यात सरकलो. दिपोटी घोंगडीवरच होते. पाटील म्हणाले, "माहं नाक कापलं तुमच्या शाळेनं."

"गाडीवर काय चुकलं ते तुम्हाला बाजारात कळलं," दिपोटी म्हणाले. "गावातच कळायला हवं असेल तर रोज इथं बसा."

पाटील बसले. रागानं बसले, पण बसले, आणि दुसऱ्या दिवशीही आले. त्यांना वाचता येत नव्हतं, पारख मात्र होती. मी समोरच्या हुशार पोराला उभं केलं की म्हणायचे, "समोरचं नोको, पंतोजी. मधातलं काढा." मधलं पोरगं अडखळलं की चिमटीत कापूस धरल्यासारखा चेहरा करायचे. पुढेपुढे कोणतं पोरगं खरं वाचतं आणि कोणतं पाठ म्हणतं, ते त्यांना माझ्याआधी कळायला लागलं. बाहेर पडताना दिपोटींना म्हणायचे, "अजून ओला हाय माल." दिपोटी मान हलवायचे. दोघं एकमेकांशी एवढंच बोलत.

माघात एकदा अवकाळी पाऊस आला. आम्ही सगळे धावलो, दिपोटीही धावले, मिटलेली छत्री पोटाशी धरून. पुढे त्यांची बदली झाली, बुलढाण्याकडे, तेव्हा जाताना ती छत्री शाळेत राहून गेली. परत पाठवण्याआधी मी ती झटकायला म्हणून उघडली. आतलं कापड वाळवीनं खाऊन चाळण झालं होतं. जगाला 'चूक दाखव' म्हणणाऱ्या माणसानं ही एक चूक मात्र मिटून ठेवली होती. मी छत्री पुन्हा मिटली आणि पाठवलीच नाही. पण ते फार नंतरचं.

होळीच्या आधी शेवटची तपासणी. अहवाल दुसऱ्या दिवशी जायचा होता. वेचणी संपलेली, शाळा भरलेली, पाटील भिंतीशी बसलेले, दारात बाया उभ्या, त्यात ती माळ्याची बाईही.  दिपोटींनी सकाळपासून दुपारपर्यंत पोरं तपासली, मधली काढून. वाचन बरं झालं. 'कापूस' तर शेंबडी पोरंही वाचत होती. हिशेब चांगला. पण लिहायला सांगितलं तशी शाळा ढासळली. निम्म्या पाट्यांवर काना-मात्रा वाऱ्यावर. मला दिसत होतं, त्यांना दिसत होतं. पहिला दर्जा नव्हता तो. कुठल्याही बाजूनं धरला तरी नव्हता.

 दिपोटींनी नेहमीप्रमाणे पोरांना चुका विचारल्या. पोरांनी सांगितल्या. मग मला विचारलं, मी सांगितली. आणि मग पाटलांचाच नातू उभा राहिला. त्याला वाटलं, एक माणूस राहिला.

"साहेब, तुमचं काय चुकलं जी?"

 दिपोटी घोंगडीवरून उठले. त्यांचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता.

"मी तुमच्या पाटीलबुवांना पहिला दर्जा दिला," ते म्हणाले. "शाळा त्या दर्जाची नव्हती. मला वाटलं, होळीपर्यंत करून देईन. झाली नाही. शब्द मी दिला होता, तो मला पुरा करता आला नाही. हे माझं चुकलं."

मग ते पाटलांपुढे जाऊन उकिडवे बसले आणि हात पुढे केला. "दुपट्टा टाका. मला सौदा बदलून मागायचा आहे."

पाटलांनी दुपट्टा टाकला. दोघांचे हात त्याखाली गेले. कोणतं बोट दाबलं ते कोणाला दिसलं नाही, पण पाटलांचा चेहरा मला दिसत होता. आयुष्यात त्यांनी कधी सौदा बदलू दिला नव्हता. ते दारातल्या बायांकडे पाहत होते, पोरांच्या पाट्यांकडे पाहत होते, नातवाकडे पाहत होते. माझा सगळा जीव त्या कापडाखाली होता. पाटील नाही म्हणाले असते, तर दिपोटींना एकतर खोटं लिहावं लागणार होतं, नाहीतर शब्द मोडलेला माणूस म्हणून गावातून जावं लागणार होतं. आणि त्या माणसाचं असं काही व्हावं, हे मला मेहुण्याच्या दारापेक्षाही नको होतं. हे तेव्हा मला पहिल्यांदा कळलं.

पाटलांनी हात सोडला नाही. दुसऱ्या हातानं दुपट्टाच ओढून काढला. दिपोटींची दोन बोटं त्यांच्या मुठीत होती, सगळ्यांना दिसतील अशी.

"दुसरा," पाटील मोठ्यानं म्हणाले. "मी बी पाहून राहिलो रोज. दुसराच हाय. झाकाचं काय त्यात?"

आणि अंगठा दाबला.